उचल आणि उसंत

"सहा महिने राबावे, सहा महिने स्वतःसाठी जगावे," असे परवा एक वर्गमित्र म्हणाला. कल्पना गोड आहे. पण आमच्या बीड जिल्ह्यातील हजारो घरे वर्षानुवर्षे हेच करीत आली आहेत! दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात परतायचे. 1972 च्या दुष्काळानंतर तर ही वाट अधिकच रुळली. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझे आईवडील त्यांतलेच. मग उरलेले सहा महिने त्यांचे का होत नाहीत?

कारण मजुरी मुकादमाकडून आधीच उचललेली असते. ती औषधपाण्यात, बियाण्यात, लग्नात संपते. जे फिटत नाही ते पुढच्या हंगामावर चढते. गावी परतलेला माणूस विसावत नाही, रोजंदारी शोधतो.

गेल्या सुट्टीत मी विहिरीच्या कामावर गेलो. मजुरी काम झाल्यावर हातात आली. फी भरून आठ दिवस नुसता वाचत बसलो. डोक्यावर कोणाचे देणे नव्हते. आईवडिलांना असे आठ दिवस मिळालेले मी पाहिलेले नाहीत.

मित्रहो, सुट्टीचे गोडवे जरूर गावेत. पण आधी कष्टकऱ्याची मजुरी उचलीतून सोडवली पाहिजे.