पिनियन म्हणजे खेळणे नव्हे

रेडिओ-नियंत्रित मॉन्स्टर ट्रकची बग्गी करण्यासाठी परदेशातून मागवलेले सुटे भाग आयएसआय प्रमाणपत्राअभावी अडवले जात असल्याच्या वाचकांच्या तक्रारी वाढत चालल्या असून, त्यांची जाहीर दखल घेणे आता क्रमप्राप्त झाले आहे.

तामिया कंपनीचा 1986 सालचा ‘ब्लॅकफूट’ हा ट्रक 1983 च्या ‘फ्रॉग’ या बग्गीच्याच ओआरव्ही चॅसिसवर उभा असल्याने तेथे हे रूपांतर मुळात मोजक्या भागांचे काम आहे. लहान चाकांमुळे गुरुत्वमध्य, म्हणजे गाडीचे सारे वजन जेथे एकवटले असे मानले जाते तो बिंदू, खाली येतो आणि वळणावर उलटण्याचा धोका कमी होतो; परंतु पाच इंचांऐवजी साडेतीन इंच व्यासाचे चाक बसवल्यास मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत वेग 30 टक्क्यांनी घटतो. ही तूट भरून काढण्यासाठी पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरील छोटे दातेरी चाक, गिअरबॉक्समध्ये मावेल तितक्या जास्त दातांचे घ्यावे लागते, आणि नेमके तेच ‘खेळणे’ ठरवून रोखले जाते.

आयएसआय प्रमाणपत्राची सक्ती करणारा, 1 जानेवारी 2021 पासून अमलात आलेला खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020 हा 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या वस्तूंना लागू आहे. सीमाशुल्काच्या 9503 या शीर्षकात खेळणी आणि लघुप्रमाण मॉडेल एकत्र असल्याने, 2020 मध्ये 20 वरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर नेलेल्या शुल्काची झळ छंदवाल्यांनाही बसली. तथापि शुल्काचे वर्गीकरण ही एक बाब आहे आणि प्रमाणपत्राची सक्ती ही दुसरी. पोलादी पिनियनशी कोणते मूल खेळणार, एवढा साधा विचारही न करता केवळ शीर्षक पाहून पार्सल परत पाठवणे ही आदेशाची अंमलबजावणी नव्हे, त्याचा विपर्यास आहे. संबंधित खात्याने याबाबत लेखी स्पष्टीकरण विनाविलंब काढावे.

दोष एकतर्फी मात्र नाही. बीजकावर ‘आरसी पार्ट्स’ एवढेच लिहून घेणारे वाचक अधिकाऱ्याच्या हाती आयते निमित्त देतात, आणि वारंवार सूचना देऊनही ही सवय सुटत नाही. प्रत्येक भागाचे नाव, धातू, दातांची संख्या आणि ‘प्रौढांच्या मॉडेल वाहनासाठी’ हा उल्लेख विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. सर्वसाधारण वापराचे धातूचे स्क्रू सीमाशुल्काच्या प्रकरण 95 मध्ये मोडत नसल्याने ते स्वतंत्र ओळीत दाखवावेत. पार्सल अडल्यास तोंडी उत्तरावर समाधान न मानता कारण लेखी मागावे आणि त्याची प्रत या मासिकाकडे धाडावी, कारण संबंधित खात्याला द्यायचे एकत्रित निवेदन कागदपत्रांच्या बळावरच उभे राहील.