ईगलचा शेवट, कीकॅडची संधी आणि तो नकोसा पहिला तास

आर्डुइनो उनो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हाताळला असेल. त्या बोर्डाचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे. पण ज्या फाइलमध्ये ते मिळतं, ती फाइल ईगल नावाच्या सॉफ्टवेअरची. ईगल हे १९८८ पासूनचं, जर्मनीतल्या कॅडसॉफ्ट कंपनीचं. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते घेतलं, २०१७ मध्ये ते सबस्क्रिप्शनवर गेलं, आणि २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ७ जून २०२६ पासून ईगलची विक्रीही नाही आणि सपोर्टही नाही. पुढचं काम करायचं तर कंपनीच्याच फ्यूजनमध्ये या.

म्हणजे डिझाइन खुलं, पण किल्ली एका कंपनीच्या खिशात. त्यामुळे साहजिकच सगळे कीकॅडकडे वळतायत. (उच्चार 'की-कॅड' असाच. आमच्या कॉलेजात सगळे 'कायकॅड' म्हणायचे, मीसुद्धा.) कीकॅड पूर्ण मोफत, ओपन सोर्स, बोर्डाच्या आकारावर बंधन नाही. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ज्यां-पिएर शारा यांनी ते सुरू केलं. २०१३ पासून सर्न, म्हणजे जिनिव्हाजवळची ती कणभौतिकीची प्रयोगशाळा, त्यात हातभार लावतेय. एवढं सगळं असूनही नवीन पोरगा कीकॅड उघडतो आणि तासाभरात बंद करतो. असं का होतं, ते मला माझ्याच एका चुकीवरून कळलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही रिलेचा बोर्ड करत होतो. सीनियर लोक ईगल वापरायचे, पण त्याच्या मोफत आवृत्तीत ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा बोर्ड चालत नसे, आणि आमचा होता १० बाय १० सेंटिमीटर. म्हणून कीकॅड. त्यात काम दोन टप्प्यांत होतं. आधी स्किमॅटिक, म्हणजे कोणता पार्ट कशाला जोडलाय याचा कागदावरचा नकाशा. मग पीसीबी, म्हणजे खरा बोर्ड. स्किमॅटिकमधल्या चिन्हाला सिम्बॉल म्हणतात आणि बोर्डावर पार्टचे पाय जिथे बसतात त्या जागेला फूटप्रिंट.

आता गंमत बघा. कीकॅडमध्ये रेझिस्टरचा सिम्बॉल घेतला की त्याला फूटप्रिंट नसतो. तो तुम्ही निवडायचा. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान चिप रेझिस्टर लावणार की पायवाला? पायवाला असेल तर दोन पायांमधलं अंतर किती? आडवा की उभा? नवख्या माणसाला वाटतं, अरे बाबा, रेझिस्टर दे ना फक्त! पण रोज हे काम करणाऱ्याला हेच हवं असतं. एकच स्किमॅटिक, आज पायवाले पार्ट लावून घरी सोल्डर करू, उद्या चिपवाले लावून कारखान्यात पाठवू. नकाशा बदलावा लागत नाही.

ट्रान्झिस्टरला मात्र हीच मोकळीक आम्हाला नडली. आम्ही सर्वसाधारण यादीतून समोर दिसला तो एनपीएन सिम्बॉल उचलला. अशा सिम्बॉलच्या नावात शेवटी तीन अक्षरं असतात, ईबीसी किंवा सीबीई वगैरे. ती पायांचा क्रम सांगतात. आम्ही घेतला ईबीसी. बोर्डावर लावला बीसी५४७, ज्याचे पाय असतात कलेक्टर, बेस, एमिटर. नेमके उलटे. बोर्ड आला, सोल्डर झालं, रिले काही 'टक' करेना. दोन रात्री आम्ही कोड तपासत बसलो. शेवटी ट्रान्झिस्टर काढून उलटा फिरवून लावला (बेस मधेच असल्यामुळे तेवढं पुरलं) आणि टक!

चूक आमचीच. पण नंतर कळलं की त्याच कीकॅडमध्ये, दुसऱ्या यादीत, 'बीसी५४७' नावाचा वेगळा सिम्बॉल होता. पाय बरोबर, फूटप्रिंट आधीच जोडलेला. म्हणजे सोपा रस्ता होता, फक्त पाटी नव्हती.

माझं म्हणणं इथेच आहे. लवचीकपणा आणि सोपेपणा यांचं भांडण आहे असं आपण धरून चालतो. 'बटणं कमी करा, सोपं होईल' हे मला पटत नाही. प्रश्न किती आहेत यापेक्षा सॉफ्टवेअर ते कधी विचारतं, हे महत्त्वाचं. कीकॅड सगळे प्रश्न सुरुवातीलाच, अनुभवी माणसाला विचारावेत तसे विचारतं.

दुसरं टोक बघायचं तर फ्रिट्झिंग. तेही ओपन सोर्स, जर्मनीतल्या पोट्सडामच्या विद्यापीठातून आलेलं. स्क्रीनवर खऱ्यासारखा ब्रेडबोर्ड, त्यावर वायर ओढा, झालं. शाळेतल्या मुलालाही दहा मिनिटांत जमतं. पण हवा तो पार्ट त्यात नसला की खरी परीक्षा. नवा पार्ट करायचा तर ब्रेडबोर्डसाठी वेगळं चित्र, स्किमॅटिकसाठी वेगळं, पीसीबीसाठी वेगळं, आणि ते सगळं एका एक्सएमएल फाइलने बांधायचं. सुरुवातीला वाचवलेली मेहनत तिथे व्याजासकट द्यावी लागते.

दोन्ही साधता येतं याचा पुरावा कीकॅडनेच दिलाय. आवृत्ती ५ पर्यंत मित्राचं स्किमॅटिक त्याच्या लायब्ररीच्या फाइल्सशिवाय उघडलं की पार्टच्या जागी प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसायचे. डिसेंबर २०२१ मध्ये आवृत्ती ६ आली आणि वापरलेले सिम्बॉल स्किमॅटिकच्या फाइलमध्येच ठेवले जाऊ लागले. लायब्ररीची सोय तशीच राहिली, त्रास गेला. आधी स्किमॅटिक आणि पीसीबी या दोन खिडक्यांत माउसची वागणूकही वेगवेगळी असायची, जणू दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स. तीही जुळवली.

मग पहिला तास अजून अवघड का? मला वाटतं, कारण तो कोणाचाच प्रश्न नाही. ओपन सोर्समध्ये ज्याला टोचतं तो दुरुस्त करतो, किंवा दुरुस्तीचे पैसे देतो. एक ट्रॅक ओढला की वाटेतले बाकीचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकतात, ती कीकॅडची भन्नाट सोय सर्नच्या लोकांनी केली, कारण त्यांच्या गच्च भरलेल्या बोर्डांना ती हवी होती. नवशिक्याला टोचतं, पण तो दुरुस्त करू शकत नाही. आणि जेव्हा करू शकतो, तेव्हा त्याला टोचणं थांबलेलं असतं!

आपल्याकडचं उदाहरण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम. कीकॅड, एनजीस्पाइस अशी ओपन सोर्स साधनं एकत्र बांधून विद्यार्थ्यांसाठी केलेलं, हेतू अगदी योग्य. पण त्यात सांधे दिसतात. सर्किट कीकॅडमध्ये काढा, मग वेगळ्या खिडकीत जाऊन ते एनजीस्पाइसला समजेल असं रूपांतरित करा, मग सिम्युलेशन. आत काय चाललंय हे शिकायला छान. उद्या सबमिशन असेल तर डोकं फिरतं.

हा रिकामा पहिला तास कोणीतरी भरतंच. ईझीईडीए ब्राउझरमध्ये चालतं, तर कीकॅडचं नुसतं डाउनलोड एक जीबीच्या पुढे, आणि फोनवर ते चालतच नाही. ईझीईडीएत पार्ट निवडला की सिम्बॉल, फूटप्रिंट, थ्रीडी मॉडेल सगळं एकदम, आणि तो पार्ट त्यांच्याच जोडीदार दुकानात विकायला. सोपं आहे, मान्य. पण ते ओपन सोर्स नाही, आणि सोपेपणा दुकानाला बांधलेला आहे. उद्या अटी बदलल्या तर काय, हे ईगलवाल्यांना विचारा.

कीकॅडवाल्यांकडून मला एकच हवंय. पहिल्यांदा ट्रान्झिस्टर शोधणाऱ्याला आधी बीसी५४७सारखे तयार पार्ट दाखवा, आणि 'मला सर्वसाधारण सिम्बॉल हवाय' हे त्याच्या खालच्या ओळीत ठेवा. अनुभवी माणसाचा एक क्लिक वाढेल. वाढू दे.

तोवर तुमच्याकडे ईगलच्या जुन्या फाइल्स असतील तर कीकॅडच्या मुख्य खिडकीतल्या फाइल मेनूत इम्पोर्टमध्ये ईगलचा पर्याय आहे. .sch आणि .brd या दोन्ही फाइल्स एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवा. इम्पोर्ट झाल्यावर डीआरसी चालवा, आणि बोर्ड छापायला पाठवण्याआधी प्रत्येक ट्रान्झिस्टरचे पाय त्याच्या डेटाशीटशी ताडून बघा. डीआरसीला ती चूक दिसत नाही.