"यातून बाहेर ये" म्हणणाऱ्यांना

मंडळी, गेले बरेच विकांत काही खरडलं नव्हतं. कारण तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. पाच महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. वय छत्तीस, मेंदूत रक्तस्राव, मंगळवारची सकाळ, गॅसवर चहा उकळत होता. बाकीचं माझ्यापाशीच राहू दे. आज रडगाणं गायला बसलेलो नाही, भांडायला बसलोय.

भांडण एका वाक्याशी आहे. "यातून आता बाहेर ये."

हे वाक्य पहिल्यांदा तेराव्याच्या पंगतीत ऐकलं. मग सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मग हाफिसात. तीन दिवसांची रजा संपली, वर माझी शिल्लक रजा संपली, आणि परत गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, "कामात गुंतवून घे, बरं वाटेल." एचआरने एक मेल पाठवली. तीत शोकाच्या पाच पायऱ्या होत्या, रंगीत बाणांसकट. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. च्यायला, हे तर वॉटरफॉल मॉडेल! सॉफ्टवेअर बनवतानाही जे आपण मोडीत काढलं, ते माणसाच्या काळजाला लावायचं?

बरं, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरीणबाईंनी १९६९ च्या पुस्तकात या पाच अवस्था मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. माझ्यापुरतं सांगतो, इथे जिना वगैरे काही नाही. सोमवारी मी अगदी ठीक असतो. गुरुवारी भाजीवाला सवयीने मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकतो (मेथी तिला आवडायची, मला नाही) आणि मी पैसे न देताच चालायला लागतो.

आता दुसरा मुद्दा. दोन महिने होत नाहीत तोच एका काकांनी स्थळ आणलं. "मुलीला आई हवी रे." काका वाईट नाहीत. पण त्याच सुमाराला आमच्याच इमारतीतल्या एकीचा नवरा गेला होता. तिला कुणी स्थळ आणलं नाही. तिने टिकली लावली की लिफ्टमधल्या नजरा तेवढ्या बदलायच्या. म्हणजे माझं दुःख लवकर बुजवायचं आणि तिचं कपाळावर कायमचं मिरवायचं. दोघांनाही "तुला काय वाटतंय?" हे मात्र विचारायचं नाही.

ही पुण्याची जुनी खोड आहे. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस! याउलट धोंडो केशव कर्व्यांची पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेली, आणि १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं, तर मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. विधुराने कुमारिकेशी लग्न केलं तर संसार सावरला, विधवेशी केलं तर बहिष्कार. हिंजवडीला जाताना कोथरूडचा कर्वे पुतळा मी रोज ओलांडतो. आधी नुसता सिग्नल दिसायचा. हल्ली हे सगळं दिसतं.

"अहो, ते जुनं झालं," असं म्हणणाऱ्यांसाठी : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो ४ मे २०२२ रोजी. राज्य सरकारने १७ मे रोजी परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाने ते कागदावर लिहून दाखवलं. आपल्या चकाचक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत मात्र पार्किंगपलीकडे विषय जात नाही.

आता "आठवणी काढत बसू नये, माणूस अडकतो" या ज्ञानाबद्दल. रमाबाई रानड्यांकडेच परत चला. न्यायमूर्ती १९०१ साली गेले. रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं १९१० साली. नऊ वर्षांनंतर! आजच्या एचआरने त्यांना बहुधा समुपदेशकाकडे पाठवलं असतं. आणि १९०९ मध्ये याच बाई पुण्यात सेवासदन उभं करत होत्या. आठवणी आणि काम, दोन्ही एकाच वेळी, एकाच घरात. अडकलेलं माणूस असं असतं?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे नुसतं तोंडसुख होईल. काही जणांना शोक खरंच गिळून टाकतो. खाणं नाही, झोप नाही, जगावंसंच वाटत नाही. तिथे डॉक्टर हवाच, आणि तो लाजेचा विषय नाही. पण डॉक्टरलोकांची घाईसुद्धा आपल्या काकांपेक्षा कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती लांबलेल्या शोकाला विकार म्हणण्याआधी किमान सहा महिने थांबते. अमेरिकन मानसोपचार संघटना २०२२ पासून मोठ्या माणसांसाठी वर्षभर थांबते. आणि आपण? तेराव्याची बासुंदी संपेपर्यंतसुद्धा नाही. कामात गुंतल्याने बरं वाटतं हेही खरं. मलाही वाटतं. पण तो मी शोधलेला आडोसा आहे, डेडलाईन सांभाळायला तुम्ही दिलेला उपदेश नव्हे.

आता या सगळ्याची किंमत कोण देतं ते सांगतो, म्हणजे मी इतका का तापलोय ते कळेल.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. मागच्या शनिवारी तिने शाळेतलं चित्र दाखवलं. घर, झाड, मी आणि ती. मी विचारलं, "आई कुठेय?" तिने दाराकडे पाहिलं, आजी नाही ना याची खात्री केली, आणि चित्र उलटं केलं. मागच्या बाजूला आई होती. हिरवी साडी, हातात कप.

"मागे का काढलीस गं?"

"सगळ्यांनी सांगितलंय, बाबांसमोर आईचं नाव काढायचं नाही. तुम्ही रडता."

पाच महिने हे पोर स्वतःची आई कागदाच्या मागे लपवत होतं, माझ्यासाठी. आणि "सगळ्यांनी" यात मीही होतो, मंडळी. तिचा फोटो हॉलमधून आतल्या कपाटात मीच हलवला होता. "बाहेर येण्याचा" एक भाग म्हणून.

त्या रात्री फोटो परत हॉलमध्ये लावला. मग आम्ही दोघं चिक्कार रडलो, आणि मग मुलीने आईची नक्कल केली, ती फोनवर "हॅलो" कसं ओढून म्हणायची त्याची, आणि आम्ही हसलो. त्या मंगळवारनंतर आमच्या घरात पहिल्यांदाच तिच्यामुळे हसू आलं.

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या टीममध्ये, मजल्यावर, नात्यात कुणाचा जोडीदार गेला असेल, तर त्याला कुठूनही बाहेर काढू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. एखादी आठवण असेल तर सांगा, फालतू असली तरी चालेल. समोरचा रडला तर रडू दे, तुमचं काही बिघडत नाही. आणि नवरा गेलेल्या बाईच्या कपाळाकडे बघण्याआधी तिच्या डोळ्यांकडे बघा.

माझ्या बायकोचं नाव इथे लिहीत नाही, जालावर आपलं काही टाकलेलं तिला आवडायचं नाही. पण भेटलात तर जरूर विचारा. सांगेन.

असो. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठतो.