गुडघ्याचे ऑपरेशन आणि वजनाचा काटा



विहारात वंदनेला आल्यावर आमच्या कितीतरी उपासिका आता आधी खुर्ची शोधतात. उभा जन्म पाट्या वाहण्यात, धुणीभांडी करण्यात गेला, गुडघे झिजणारच. दवाखान्यात मात्र पहिले वाक्य ठरलेले असते, "आधी वजन कमी करा, मग गुडघा बदलू." मग घरी आल्यावर रात्रीची भाकर बंद! याबद्दलच आम्हाला आज बोलायचे आहे.

डॉक्टर उगाच सांगत नाहीत. फार लठ्ठपणा असेल तर ऑपरेशननंतर जखम चिघळण्याचा, सांध्यात जंतू शिरण्याचा धोका वाढतो. त्यासाठी डॉक्टर 'बीएमआय' काढतात. म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. आकडा चाळीसच्या वर गेला, तर अनेक सर्जन थांबायला सांगतात.

पण काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते. ऑपरेशनचा धोका ओळखायला बीएमआयपेक्षा चरबीचे प्रमाण अधिक उपयोगी पडते, असे २०१४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासातही दिसले.

हे मोजण्याची यंत्रे सगळीकडे नाहीत. पण हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, मुठीत जोर आहे का, एवढे घरीही कळते. हे जमत नसेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

उपाशी राहिल्याने चरबीबरोबर स्नायूही झडतात. नवा गुडघा चालवायचा तो मांडीच्या स्नायूंनीच! अंगात प्रथिने कमी पडली तर जखमही लवकर भरत नाही. म्हणून साखर, तेल, तळलेले कमी करा. डाळ, मटकी, अंडी, मासे सोडू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खा. बसल्या बसल्या पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करा. ऑपरेशनपूर्वी साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तातली प्रथिने तपासली का, हे न लाजता विचारा.

देह सुकवून ज्ञान मिळत नाही, हे उमगल्यावर सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली. मायबहिणींनो, मध्यम मार्ग ताटातही असतो.