एकाच बाजूची दारं

वेल्समधल्या टवीन गावी टॅलिथ्लिन रेल्वेच्या डब्यात चढताना एक गोष्ट चटकन नजरेत भरते. दारं एकाच बाजूला उघडतात, दुसऱ्या बाजूची कायमची बंद. 1866 मध्ये प्रवासी वाहतुकीआधी सरकारी तपासणी झाली, तेव्हा उघड झालं की रुळांवरचे पूल फार अरुंद बांधलेत. पूल पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च टाळून रूळच थोडे एका अंगाला सरकवले आणि अडचणीच्या बाजूची दारं बंद केली. ती पद्धत आजही चालू आहे.

ही सव्वादोन फुटी लाइन टाकली ती डोंगरातल्या खाणीतला पाटीचा दगड खाली आणायला. डिसेंबर 1946 मध्ये खाण ढासळली आणि बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी मात्र शब्द दिला होता की, आपण हयात असेपर्यंत गाडी धावेल. तो त्यांनी तोट्यात पाळला. जुलै 1950 मध्ये ते गेले.

त्याच ऑक्टोबरात लेखक टॉम रोल्ट यांनी ही रेल्वे वाचवण्यासाठी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरवली. जोन्स यांच्या पत्नीने मन मोठं करून रेल्वे स्वयंसेवकांकडे सुपूर्द केली आणि 14 मे 1951 ला त्यांची पहिली गाडी सुटली. जगात हा प्रयोग पहिलाच.

उत्साह होता, रूळ मात्र नव्हते म्हटलं तरी चालेल. स्लीपर कुजलेले, रुळांमधलं अंतर फाकलेलं. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं पन्नास पौंडांत मिळाली. त्यातलं एक रुळांवर घातलं, तर अरुंद चाकं थेट मधल्या फटीत उतरली! त्या हंगामाचा भार 1866 च्या ‘डोल्गॉख’ या एकट्या म्हाताऱ्या इंजिनाने ओढला. पुढच्या वर्षी गार्ड म्हणून राबणाऱ्यांत रेव्हरंड ऑड्री होते, ‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाचे जनक. त्यांच्या गोष्टींतली स्कारलोई रेल्वे इथूनच आली.

रेल्वेप्रेमी म्हटलं की आपल्याकडे कॅमेरा आठवतो. तिथे आधी हातात चिंध्या येतात. इंजिन पुसायचं, मग फायरमन व्हायचं, परीक्षा देत ड्रायव्हर. फुकट राबतो म्हणून सुरक्षेच्या नियमांत सवलत नाही.

आपल्याकडे विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणाऱ्या, आता बंद पडलेल्या ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीसाठी लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. माया कमी नव्हती. पण ‘आम्ही स्लीपर बदलतो’ म्हणणाऱ्याने कुणाच्या टेबलासमोर उभं राहावं, याची सोयच नाही. माथेरानची गाडीही रेल्वे खात्याचीच. नागरिक तिथे फक्त प्रवासी. सुरक्षेचं कारण खोटं नाही, पण त्यावर प्रशिक्षण हा उपाय असतो, कुलूप नव्हे. एखादी शेड, एखादा जुना डबा आणि रविवारची पाळी एवढ्यावर रेल्वेने असा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे? टॅलिथ्लिनची पहिली गाडीही शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली नव्हती. रिदिरोनेनहूनच परतली होती.