दाराबाहेरचा संबळ

तेरखेड्याची शोभेची दारू दूरदूरच्या उत्सवांत उडते; करणाराचें नांव कोणी विचारीत नाहीं. त्याच धाराशिव जिल्ह्यांतील तुळजाभवानीच्या गोंधळ्यांची आमच्या रसिकांनीं हीच गत केली आहे. संगीत नाटकाच्या महोत्सवांत पाहुण्यांच्या स्वागतास दाराशीं संबळ, दिवटी, कवड्यांच्या माळा; पडदा वर गेला कीं गोंधळी बाहेर! यास लोककलेचा गौरव म्हणणें ही आमच्या मतें शुद्ध आत्मवंचना होय.

ह्यूस्टनच्या ऑपेरा मंडळीनें २०१० सालीं 'क्रूझार ला कारा दे ला लूना' हें मेक्सिकन स्थलांतरित कुटुंबाचें नाट्य रंगभूमीवर आणलें, तेव्हां मारियाची वादकांस दारांत उभें केलें नाहीं. संगीत त्या परंपरेंतल्याच होसे मार्टीनेझांचें, आणि रंगमंचावर वाद्यवृंदहि मारियाचींचाच. पण यासाठीं अमेरिकेकडे तरी कशाला पाहावें? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'सौभद्रां'त कीर्तनांत घोळलेल्या साक्या-दिंड्या आहेतच कीं! मग रात्रभर आख्यान रंगविणाऱ्या गोंधळ्यास संगीत नाटकाचा सूत्रधार केल्यानें कोणता विटाळ होतो? त्याची बिदागीहि गायकनटाच्या बरोबरीची ठरवावी. शाल-नारळावर बोळवण आतां पुरे.