वेफर्सच्या पाकिटावरचा इशारा समोरच हवा

‘बटाट्याचेच तर आहेत’ असे म्हणून मुलांच्या हातात मसालेदार वेफर्सचे पाकीट बिनदिक्कत दिले जाते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र असलेल्या ग्वाल्हेरमध्ये तरी ही समजूत तपासून घ्यायला हवी. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८७ कॅलरी असतात आणि चरबी जवळजवळ नसतेच. तेवढ्याच वेफर्समध्ये सुमारे ५३० कॅलरी आणि ३३ ते ३५ ग्रॅम चरबी असते. बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असते; तळताना ते उडून जाते आणि काप तेल शोषून घेतात. त्यामुळे वेफर्सचे निम्म्याहून अधिक उष्मांक तेलाचेच असतात. वर भुरभुरलेल्या मसाल्यात मीठ आणि बहुधा साखर, माल्टोडेक्स्ट्रिन व चववर्धक द्रव्ये असतात. पाकिटावर टोमॅटोचे चित्र असले, तरी टोमॅटोचे पोषण त्यातून मिळत नाही.

वेफर्समध्ये पोटॅशियम आणि थोडे क जीवनसत्त्व उरते, असा युक्तिवाद होतो. तो खरा आहे; पण तेच घटक उकडलेल्या बटाट्यातून इतके तेल-मीठ न खाता मिळतात. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दालाही भुलू नये. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, मात्र पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. शेव-चिवडाही तेलकटच, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पाकिटाच्या समोर इशारा छापण्याचा नियम पाकिटबंद फरसाणालाही लागू व्हावा. शेतकऱ्याचे काय, असेही विचारले जाईल. ‘कुफरी चिपसोना’सारखे खास वेफर्ससाठीचे वाण याच संस्थेने दिले आणि त्यांना बाजार मिळायलाच हवा. पण इथे मागणी बंदीची नाही, खरे सांगण्याची आहे.

ते खरे आज पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत दडलेले असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे छापण्याचा मसुदा मांडला. परंतु तारा हे शाबासकीचे चिन्ह आहे. अर्धा तारा मिळालेला पदार्थही बक्षीसपात्र वाटतो. चिलीने २०१६ पासून जास्त मीठ, साखर, संपृक्त चरबी आणि उष्मांक असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्यालाही तसाच, हिंदी-मराठीत वाचता येणारा स्पष्ट इशारा हवा. तोवर पालकांनी पाकीट उलटून सोडियमचा आकडा वाचावा आणि त्याला अडीचने गुणावे. आलेले मीठ जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेल्या दिवसाला ५ ग्रॅमच्या मर्यादेशी ताडून पाहावे. मुलांसाठी ती मर्यादा त्याहून कमी आहे.